कढीपत्त्याला ताक

फ्रीमाँट, जानेवारी, रविवार संध्याकाळ

कढीपत्ता बहुतेक जाणार. आई इथे आली असताना तिने बी रुजवून वाढवलेला. थंडी, त्यात आठवडाभर पाऊस. पानं पिवळी पडली म्हणून आई घालते तसं आंबट ताक घातलं. दोनदा! आधीच चिंब मातीत आणखी ओल. अक्कल कुठे गेली होती माझी? आज उपटून पाहिलं, तर मुळं काळी, लिबलिबीत. कुजलेली कापली, कोरड्या मातीत लावून घरात आणलं. शेंड्याला एकच हिरवं पान उरलंय.

इरा म्हणाली, "मम्मा, वी कॅन बाय अनदर वन." हिला काय सांगू? डॉक्टरांनी आजीचा विमानप्रवास कायमचा बंद केलाय.

मघाशी व्हिडिओ कॉलवर आईला तेवढं एक पान जवळून दाखवलं.

"मलूल दिसतंय गं. थोडं ताक घाल."

"घालते," म्हटलं.