शुद्धिपत्र दहावे

चि. खुडबुड्या यास मामाचे अनेक आशीर्वाद.

हाताने लिहिलेले पत्र पाहून दचकू नकोस. घरात सर्व क्षेमकुशल आहे. आजारी आहे तो माझा संगणक, आणि त्याच्या आजाराची हकीकत कळवण्यासाठीच हे पत्र. तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत प्रश्नचिन्हासारखे बसणे सोडलेस की नाही? (तुझ्या आईला विचारले तर "बरा आहे" एवढेच म्हणते. माझी सख्खी बहीण, परंतु वाक्याला दुसरा शब्द जोडायचा म्हणजे तिच्या जिवावर येते.) माझा गुडघा ठीक आहे, रक्तदाब ठीक आहे, मन मात्र ठिकाणावर नाही. या चार ओळी लिहिताना मी तीनदा उठून खोलीला फेरी मारली. "लिहायचं तर लिहा, फिरायचं तर फिरा, पण ती खुर्ची सारखी करकर वाजवू नका," असे तुझी मामी आतून आत्ताच म्हणाली.

तर मुद्द्याकडे येतो. गेल्या वर्षी तू ते विणकामाचे साधन तयार केलेस: टाके आणि ओळी शब्दांत लिहाव्यात आणि त्याने नक्षीचा आराखडा काढून द्यावा. ते चालण्यापूर्वी संगणकात एक कंपायलर बसवावा लागतो. (मी 'संकलक' हा शब्द सुचवला होता. तुमच्या कार्यालयात एकानेही तो वापरला नाही, तेव्हा आता मीही हट्ट सोडला आहे. एकूण काय, माणसाने लिहिलेले यंत्राला समजेल असे करून देणारा तो दुभाष्या.) हा दुभाष्या कसा बसवावा हे सांगणारे तुमचे पान मी वाचले आणि त्यात एकेचाळीस चुका काढून तुला पाठवल्या. त्यावर तू लिहिलेस, "मामा, एवढं खुपतंय तर तूच सांभाळ ते पान." तू ते थट्टेने लिहिले असशील. मी ते नेमणुकीचे पत्र समजून फाइलला लावले. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी माझ्या टेबलावर पुन्हा एक पान आले होते, रे.

छापखान्यात अडतीस वर्षे मुद्रिते तपासताना मी एक नियम पाळला. मजकूर शेवटच्या कानामात्रेपर्यंत निर्दोष करावा, खाली सही करावी, आणि सही झालेल्या पानाला पुन्हा हात लावू नये. नंतर काही चूक आढळलीच, तर ग्रंथाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडावे. तुझ्या पानाचेही मी तसेच केले. चौदा पायऱ्या, प्रत्येक वाक्य घडीव, एकही स्वल्पविराम वावगा नाही. चौथ्या पायरीत 'बारा क्रमांकाचा कंपायलर घ्यावा' असे लिहिले, सही केली आणि त्या दिवशी दुपारी मी सुखाने झोपलो.

ते सुख सात आठवडे टिकले. कंपायलर करणारी मंडळी निराळी आहेत, आणि त्यांना स्वस्थ बसण्याचा काही तरी विकार असावा, म्हणजे स्वस्थ न बसण्याचा. (पाहिलेस? मी अशी वाक्यरचना आयुष्यात केली नव्हती. यावरून माझ्या अवस्थेची कल्पना कर.) त्यांनी तेरावा काढला आणि बारावा चालेनासा झाला. मी पानाच्या शेवटी शुद्धिपत्र पहिले जोडले: पायरी चार यात 'बारा' आहे तेथे 'तेरा' असे वाचावे. मग चौदावा आला. तेव्हा शुद्धिपत्र दुसरे: शुद्धिपत्र पहिले यात 'तेरा' आहे तेथे 'चौदा' असे वाचावे. मग एक बटण डावीकडून उजवीकडे गेले, एक खिडकी नाहीशीच झाली, पंधरावा आला, सोळावा आला. सकाळी चहापूर्वी त्यांची आकड्यांची यादी उघडून पाहण्याची मला सवय लागली, मग चहानंतरही, मग भाजी निवडता निवडता. मामी म्हणायची, "अहो, पाळण्यातलं मूल आहे का ते, सारखं उठून बघायला?" शुद्धिपत्रे नऊ झाली. मूळ पानापेक्षा त्यांची लांबी अधिक भरली, आणि खरे सांगतो, मला त्याचा अभिमान वाटत होता.

अशात तुमच्या कार्यालयातल्या त्या शिस्तवाल्या बाईंचे पत्र आले. पान वाचून कंपायलर बसत नाही अशा पाच तक्रारी आल्या आहेत, सबब महिनाअखेरीस ते पान काढून त्या जागी यंत्राकडून लिहून घेतलेले पान लावण्यात येईल. यंत्राकडून! ज्या यंत्राला दुभाष्याशिवाय माझे एक वाक्य कळत नाही, ते आता माझ्या जागी वाक्ये लिहिणार. मी खोलीत इतक्या फेऱ्या मारल्या, की खालच्या मजल्यावरच्या घड्याळजीने वर येऊन विचारले, "काका, काही हरवलंय का?" मी म्हणालो, "होय. वाचक." तो बिचारा मान डोलावून गेला.

पान निर्दोष आहे हे सिद्ध करण्याचा मार्ग एकच होता: ज्याने ते कधी पाहिले नाही अशा माणसाने माझ्यासमोर ते वाचून कंपायलर बसवून दाखवावा. माणूस घरातच होता. तुझी मामी शनिवारी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत सात जणींना विणकाम शिकवते आणि तुझे साधन त्या सातही जणींना हवे होते. तिला मी माझ्या खुर्चीत बसवले, स्वतः मागे उभा राहिलो आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाही असे ठरवले. (वाचणाऱ्याच्या मागून बोलू नये हा नियम तूच मला सांगितला होतास. त्या नियमाने त्या दिवशी माझा जीव घेतला.) ती बाई कशी वाचते हे मला एकेचाळीस वर्षांच्या संसारात कळले नव्हते. ती पहिल्या ओळीपासून वाचते, आणि जे वाचते ते तत्काळ करते! चौथ्या पायरीशी तिने बारावा कंपायलर बसवला. मी ओठ चावले. चौदाव्या पायरीनंतर शुद्धिपत्र पहिले आले. तिने तेरावा बसवला. दुसरे आले, चौदावा. पाचवा दुभाष्या आत शिरला तेव्हा संगणकाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला, आणि तुझ्या साधनाने लाल अक्षरांत कळवले की एकाहून अधिक कंपायलर सापडले असून कोणाचे ऐकावे ते समजत नाही. त्यानंतर पडदा काळा झाला, तो अद्याप काळाच आहे.

"अहो, बारावा नको होता, तर आधी सांगायला काय झालं होतं?"

"शुद्धिपत्रात स्पष्ट लिहिले आहे."

"शेवटी! गाडी सुटल्यावर फलाट बदलल्याची घोषणा करायची, आणि वर म्हणायचं, आम्ही केली होती की!"

एवढे बोलून ती उठली आणि विणायला बसली. मी काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. त्या पाच तक्रारी करणारी पाच माणसे प्रथमच माझ्या डोळ्यांसमोर आली. माझी शुद्ध वाक्ये प्रामाणिकपणे, पहिल्या ओळीपासून वाचणारी.

त्यानंतर जे घडले ते संक्षेपाने लिहितो. मी पान उसवले. विणताना मागची ओळ चुकली तर शेवटी चिठ्ठी लावत नाहीत. चुकलेल्या ओळीपर्यंत उसवतात आणि पुन्हा विणतात. हा दाखला मला आपोआप सुचला. मी एक वही घेतली आणि ग्रंथालयातल्या संगणकापाशी बसून चौदा पायऱ्यांच्या सात ओळी केल्या. कंपायलरचा आकडा लिहिलाच नाही. 'त्यांच्या यादीत सगळ्यात वर जो आकडा असेल तो घ्या' एवढेच लिहिले, म्हणजे आकडा बदलला तरी ओळ बदलायला नको. माथ्यावर लिहिले: 'हे मी अमुक तारखेला स्वतः करून पाहिले.' दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुन्हा करून पाहायचे आणि तारीख बदलायची, असेही ठरवले. पाचव्या ओळीत, जेथे पडदा क्षणभर रिकामा होतो, तेथे मी 'घाबरू नका, काही फुटत नाही' असे लिहिले. (हे वाक्य माझ्या नेहमीच्या शैलीत बसत नाही हे तुझ्या लक्षात येईल. माणूस बदलतो.)

शनिवारी त्या वहीवरून ग्रंथालयाच्या खोलीत सात संगणकांवर सात कंपायलर बसले. प्रत्येकीकडे एकच! मी लाल पेन घेऊन दारात उभा होतो, न जाणो, कोठे अडले तर. एक निवृत्त परिचारिका 'काही फुटत नाही' हे वाक्य मोठ्याने वाचून एवढी हसली की तिचा लोकरीचा गुंडा टेबलाखाली गेला. त्यांच्यातल्या एका शिंपीणबाईंचे काम सर्वांत आधी झाले, त्या शेजारणीला म्हणाल्या, "अगं, वाचतेस काय नुसतं, कर की!" चहा येईपर्यंत सातही जणींच्या पडद्यांवर नक्षी उमटली होती. लाल पेनाचे टोपण मी उघडलेदेखील नाही.

हे सर्व केवळ तुझ्या माहितीसाठी. माझे काही मागणे नाही. पाठीला जप, आणि आईला सविस्तर उत्तर द्यायला शिकव.

तुझा,
मामा

ता. क. मागणे नाही असे वर म्हटले असले तरी एक आहे. सोबत वहीतील सात ओळींची नक्कल जोडली आहे. शिस्तवाल्या बाईंना दाखव आणि यंत्राऐवजी हे पान लावायला सांग. त्यातली भाषा मी सुधारलेली नाही. सुधारणार होतो, माझ्या हातातून ते पान काढून घेण्यात आले.

ता. क. दुसरे. पाकीट डकवण्यापूर्वी मामीने हे पत्र वाचले आणि माझ्याकडे नुसते पाहिले. सही झालेल्या मजकुराला हात लावणे माझ्याने होत नाही, तेव्हा शुद्धिपत्र दहावे पुढीलप्रमाणे: वरील पत्रात 'मी पान उसवले' येथपासून 'माणूस बदलतो' येथपर्यंत जेथे जेथे 'मी' आणि 'मला' आहे, तेथे 'तुझ्या मामीने' आणि 'तुझ्या मामीला' असे वाचावे. दारात लाल पेन घेऊन उभा होता तो मात्र मीच. हेही वाचून ती म्हणाली, "पुन्हा शेवटीच! तोवर त्याचे चार कंपायलर बसवून झाले असतील."

ता. क. तिसरे. आज सकाळी ग्रंथालयातल्या संगणकावर यादी पाहिली, तर सतरावा आलेला. मी घाईघाईने वही उघडली, तर बदलण्यासारखे काही नव्हते. तिने तेथेच सात ओळी करून पाहिल्या, तारीख बदलली आणि लोकर घेऊन बसली. बाळ, पान तिचेच राहू दे, खाली नावही तिचेच असू दे. पहिल्या सोमवारी करून पाहण्याचे आणि तारीख बदलण्याचे काम तेवढे माझ्याकडे ठेवता येईल का, ते बाईंना विचार. ती म्हणते, तिची हरकत नाही. आणि उत्तर नकाराचे असेल, तर ते पत्राच्या पहिल्या ओळीतच लिही. शेवटी लिहू नकोस.