केरानाआत्याचा अर्धा गुडघा

गोर्ना पोल्याना,
१२ फेब्रुवारी

चि. वेलिना हिस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. इकडे बर्फ अजून गुडघाभर आहे, आणि गुडघ्याचं नाव काढलंच आहे तर ऐक. परवा शेळ्यांमागे उतरताना उजव्या पायाने दगा दिला आणि मी तिथेच उतारावर बसले. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता सांधा बदलण्याला पर्याय नाही. मी प्लोवदिवला तुझ्याच इस्पितळात नाव घातलंय. घरात सर्जन असताना परक्याच्या हाती गुडघा द्यायला मी काय वेडी आहे?

शेजारच्या स्टानाला सोनेरी सांधा बसवलाय, त्याचा फोटो ती चर्चच्या दारात सगळ्यांना दाखवते. मलाही सोनेरीच हवा. तिचं म्हणणं, तिचा सगळा पायच ठणकायचा. माझं तसं नाही. आतल्या बाजूला एक बोट ठेवते, तिथेच खिळा ठोकल्यासारखं होतं.

जेवत जा. लोभ आहेच, तो माझ्या गुडघ्यासारखा झिजू देऊ नकोस.

तुझी केरानाआत्या


प्लोवदिव,
२० फेब्रुवारी

ती. आत्यास वेलिनाचा शि. सा. नमस्कार.

आधी सोन्याचं. तो सोनेरी रंग म्हणजे नुसता मुलामा. ज्यांच्या अंगाला निकेल सोसत नाही त्यांच्यासाठी तो लावतात. तू जत्रेतली स्वस्त कर्णफुलं जन्मभर घातलीस, कधी खाज सुटली नाही. तुला तो नको.

दुसरं, घरच्या माणसावर आम्ही सुरी चालवत नाही, आणि मी अजून शिकाऊच आहे. शस्त्रक्रिया चोलाकोव सर करतील. त्यांचा हात म्हणजे हात! पासष्टीपुढच्या सगळ्यांना ते पूर्ण सांधा बसवतात, म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या हाडाला धातूची टोपी आणि मधे प्लास्टिकची गादी. तो टिकतो चांगला. पण एकच बाजू झिजली असेल तर तेवढीच बदलणारा अर्धा सांधाही असतो. तुझं ते एक बोट माझ्या डोक्यातून जात नाही. तपासायला ये. येताना घेवडा आणू नकोस, मागचाच संपलेला नाही.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी वेलिना


गोर्ना पोल्याना,
९ मार्च

चि. वेलिनास आशीर्वाद, पण आज जरा रागाचे.

वि. वि. परवा तपासणीत सरांनी एक्स-रेचे फोटो पाहिले, पूर्ण सांधा म्हणाले आणि पुढे गेले. तू मागे उभी होतीस. तुझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. तुझे वडील गेल्यावर मी तुला डोंगराखाली शिकायला धाडली ती उंदीर व्हायला नव्हे. पूर्णच योग्य असेल तर पूर्ण बसवा, मी हूं की चूं करणार नाही. पण तुला दुसरं काही दिसलं असेल आणि ते तू गिळलं असशील, तर आज माझं गिळलंस, उद्या दुसऱ्या कुणाचं गिळशील.

घेवडा मुद्दाम ठेवून आले. खा.

केरानाआत्या


प्लोवदिव,
१७ मार्च

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र खिशात घालून डॉक्टरांच्या बैठकीला गेले. उभी राहिले. तुझे फोटो लावले आणि सांगितलं की बाहेरच्या बाजूची कूर्चा शाबूत आहे, हाडांना जोडणारे आतले बंध घट्ट आहेत, पाय नीट वाकतो, दुखणं एका बोटाखाली आहे. इथे अर्धा सांधा पुरेल. मग सरांनी मला चाळणीतून काढलं. उरलेली बाजू पुढे झिजली तर काय, असं त्यांनी विचारलं. मी कबूल केलं की मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल आणि पूर्ण सांधा बसवावा लागेल. ते फोटो पुन्हा एकदा निरखून म्हणाले की मुलगी बरोबर बोलतेय, आता पेशंटला विचारा.

म्हणून विचारते. अर्ध्यात तुझे स्वतःचे बंध राहतात, पाय आपला वाटतो, लवकर उठता येतं. पण पुन्हा टेबलावर जाण्याची शक्यता जास्त. पूर्णात ती धास्ती कमी. पण पाय थोडा परका वाटतो. गादी सरकती असते किंवा पक्की बसवलेली. सरांचा हात पक्कीवर बसलाय, आणि मला विचारशील तर गादीपेक्षा हात महत्त्वाचा. माझ्यावरच्या मायेने ठरवू नकोस, तुझ्या पायासाठी ठरव.

तुझी वेलिना


गोर्ना पोल्याना,
२ ऑगस्ट

चि. वेलिनास अनेक आशीर्वाद, आज उभ्याने.

वि. वि. अर्धा घेतला तो डोळे उघडे ठेवून घेतला, तेव्हा पुढे काही झालं तर बोल तुला नाही. पहिले आठवडे सोपे नव्हते. पाय वाकवताना मी त्या व्यायामवाल्या पोरीला जे बोलले ते तिने तुला सांगितलं नसेल तर बरंच. काल मात्र शेळ्यांमागे खालच्या ओढ्यापर्यंत उतरले, काठी टेकत, पण तो खिळा नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. कमरेखालचंच बधिर केलं होतं, कान जागे होते. पडद्यापलीकडे सुतारकाम चालल्यासारखी ठोकाठोक चाललेली, आणि त्यात सरांनी थांबून, मदतीला उभ्या असलेल्या तुला विचारलं की बाहेरची बाजू कशी दिसते, बघून सांग. तू मोठ्या, स्वच्छ आवाजात सांगितलंस की चांगली आहे. नर्सला वाटलं मी भीतीने रडतेय. तिला काय कळणार!

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा सावध ये. अर्धं गाव आपापले गुडघे घेऊन अंगणात बसलेलं असेल. स्टाना अजून सोन्याचं सांगते. मी तिला एवढंच सांगितलं की माझा अर्धा गुडघा चोलाकोव सरांनी बसवला, पण उरलेला अर्धा वाचवला तो माझ्या वेलिनाने.

तुझी,
केरानाआत्या