दारांखालचा धूर

शिरूर, १० जानेवारी १९६२

प्रिय योहान,

शेवटची एसटी गेली, म्हणून हे पत्र कांद्याच्या ट्रकवाल्या हौसरावांकडे देतो आहे. उद्या सकाळी तू राहेलला बाळंतपणासाठी इकडे माहेरी घेऊन निघणार, त्या गाडीविषयी लिहायचं आहे. माझ्या बहिणीचा नवरा होण्याआधीपासून तू माझा दोस्त, तेव्हा आडपडदा ठेवत नाही.

मिशनच्या साहेबांनी जाताना तुला विकलेली ती गाडी तुमच्या दौंडच्या खड्ड्यांत दर महिन्याला सायलेन्सर आपटून घ्यायची. दिवाळीनंतर मी मागचं सगळं उतरवलं आणि धुराचे दोन पाइप दोन्ही बाजूंच्या दारांखालून बाहेर काढले. काय ऐट आली तिला, आणि मलाही. पण पाइप इंजिनाला जिथे जोडतात तिथे सांधा बंद करायला मी विहिरीवरच्या इंजिनाची पुठ्ठ्याची पॅकिंग घातली. माझा जन्म त्या इंजिनांत गेला. तिथे धूर कुठूनही फुटला तरी जातो आभाळातच. गाडीत वर माणसं बसतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

नाताळात तू आईला त्याच गाडीतून तुमच्याकडे नेलंस, मी एसटीने आलो, आठवतं? पायांशी पाटीत दोन कोंबड्या. ना घाट, ना वळण, तरी आई ओकून बेजार, आणि कोंबड्या दौंड येईपर्यंत मेलेल्या. आई म्हणाली, “कुणाची तरी नजर लागली बाई.” तू म्हणालास, “पाळकसाहेबांची आसंल, त्यास्नीच जेवाय बोलावलंय.” आपण किती हसलो. आईला लिंबू दिलं आणि विषय संपवला.

आज तात्याबांच्या विहिरीवरचं इंजिन उघडलं. त्यातही तीच पॅकिंग होती, त्याच पुठ्ठ्यातून कापलेली. जळून तिचा कोळसा झालाय, बोट जाईल एवढी फट पडलीय. तिथेच बसून मला त्या कोंबड्या आठवल्या आणि पाना टाकून मी घराकडे धावलो. कोंडलेल्या धुराने आधी गुंगी येते, मग माणूस उठतच नाही. मला भीती वाटते आहे, योहान.

तुला कधी त्रास झाला नाही, कारण तंबाखू थुंकायला तुझी काच बारा महिने खाली. पण परवा राहेलचं पत्र आलं. बाळासाठी तू देवाला शब्द देऊन तंबाखू सोडलीस, म्हणून ती फार खूश आहे. आणि मी शहाण्याने तिला उलट टपाली लिहिलं की थंडी फार आहे, चारही काचा लावा, फटींत चिंध्या कोंबा, मागे गोधडी पसरून आडवी हो. ती माझं सगळं ऐकते. गाडी काढू नकोस, एसटीने या. हौसराव वाटेत माल उतरवत येणार, कधी पोचतील ते त्यांनाही ठाऊक नाही, म्हणून मी ट्रकमध्ये बसलो नाही. पहाटेच सायकलवरून तुमच्या वाटेतल्या न्हावऱ्याच्या फाट्यावर येऊन उभा राहतो. पत्र चुकलं आणि तुम्ही निघालातच, तर मी रस्त्यात आडवा होऊन हात करीन. तेव्हा तू जागा असावास, एवढंच देवाजवळ मागतो.

तुझाच,
याकोब