मावशीपर्यंतचा आडवा धागा

ता. ९ जून

ती. मावशीस साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतो, म्हणून कागदावरच). दीड वर्ष पत्र नाही, फोन नाही, याबद्दल माफ कर. कामात होतो असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. आधी आळस होता, मग त्या आळसाची लाज. तुझा दमा कसा आहे?

लेकीला तुमच्याकडच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळालाय. वसतिगृह भरलंय, आणि सोमवारपर्यंत राहण्याचा पत्ता कळवला नाही तर प्रवेश रद्द. बायको म्हणाली, "अहो, मावशींना फोन करा की!" मी म्हटलं, थांब. सध्या मी वर्गात 'छोट्या जगा'चं गणित शिकवतोय. माणसं गोलात उभी करायची. प्रत्येकाची ओळख फक्त आजूबाजूच्यांशी. निरोप पलीकडे पोचायला जन्म जातो. पण दोन-चार ओळखींचे धागे जवळून सोडवून कुठेही लांब, आडवे बांधले, की सगळं जग हाकेच्या अंतरावर येतं. (शेजार जवळजवळ तसाच राहतो, भांडणांसकट.) म्हणजे ओळखीतून ओळख काढत खोली मिळायलाच हवी. नात्यातल्या माणसाला थेट विचारलं तर प्रयोग बिघडतो. (हे तत्त्व होतं की तुझी भीती? दोन्ही, प्रमाण काही काढता आलं नाही.)

मी शिंप्याला सांगितलं. त्याने दातांच्या डॉक्टरीणबाईंना, त्यांनी इस्त्रीवाल्याला, आणि इस्त्रीवाल्याने शर्ट देताना मलाच विचारलं, "सर, एका मुलीला खोली हवीय, आहे का कुणी ओळखीचं?" आमच्या गल्लीत आडवा धागाच नाही! मी खचलो, बायको हसली. मग शिंप्याला आठवलं, की त्याची मेहुणी तुमच्याकडे औषधाच्या दुकानात असते. तिने दम्याचं औषध न्यायला येणाऱ्या एका बाईंना विचारलं. बाईंची माडीवरची खोली रिकामी होती. मुलीचा बाप कोण, काय करतो, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं म्हणे.

उत्तर आल्या वाटेने परत शिंप्याकडे आलं. माझं माप घेता घेता त्याने ते चारचौघांत ऐकवलं, "बाई म्हणाल्या, खोली दिली. पण त्या गाढवाला म्हणावं, आधी स्वतःच्या हाताने पत्र लिही."

गणित बरोबर निघालं, मावशी. तरी मान खाली गेली. शिंपी म्हणाला, "सर, मान वर करा, कॉलर चुकतेय."

तुझा भाचा

ता. क. अट पूर्ण झाली असं धरावं.

ता. क. २. हे पत्र सोमवारच्या आत पोचणार नाही, असं बायकोने आत्ता लक्षात आणून दिलं.

(पत्र बंद केल्यावर, माझ्या वहीत) उद्याचं काम: मावशीला फोन. थेट.