आखाजीचा नमुना

मेहरूण, जळगाव
११ मार्च १९९१

प्रिय झुलाल,

सुंदरमायच्या तेराव्याला आलो, तेव्हा तू धुळ्याहून आलेल्या तुझ्या शाळेतल्या मास्तरांना माझी ओळख करून दिलीस. हा छगन, प्रदूषण खात्यातला इंजिनिअर, माझ्या आईच्या हातचं खाऊन मोठा झालेला. मी भरल्या ताटावरून उठलो. तुला वाटलं, दुःखाने.

गेल्या आखाजीची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण अर्धीच. गावातल्या बायका नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर पाणी भरतात आणि नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्यामुळे त्याला वास मारतो, असा तुझाच अर्ज होता. तपासणी माझ्याकडे आली. दौरा मी मुद्दाम आखाजीला, ऐन अक्षय्य तृतीयेच्या सणाला धरला. सरकारी जीप, सुंदरमायचे खापरावरचे मांडे, वर आमरस. एका दगडात दोन पक्षी. आमच्या खात्यात याला नियोजन म्हणतात. ढेकर देत झिऱ्यावर गेलो, बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या डकवल्या. पाणी नितळ होतं. वास नाही, फेस नाही. अहवाल गेला, पिण्यास योग्य.

त्याची प्रत चावडीवर लागली. तोवर बायका लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जायला लागल्या होत्या. त्यांना मायनेच परत फिरवलं. पुन्हा वास यायला लागला, बायका कुरकुरल्या, तरी ‘छगननी लिखेल शे, पानी चांगलं शे’ म्हणत तीच हंडा घेऊन पुढे व्हायची. हे मला तुमच्या शेजारच्या वच्छलाबाईने तेराव्याच्या पंगतीत सांगितलं, तेही कौतुकाने. दिवाळीनंतर मायचं पोट बिघडलं ते बिघडलंच. पाण्यामुळेच झालं असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना येत नसेल.

आखाजीला मजूर गावी जातात, कारखाना आठ दिवस बंद असतो. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? पुण्याचा इंजिनिअर चुकला असता तर एक वेळ चाललं असतं. मी तर इथलाच.

चूक झाली, असं महिनाभर मी स्वतःला सांगतोय. खोटं आहे ते. नमुन्याच्या फॉर्मात एक रकाना असतो, कारखाना चालू की बंद. ‘बंद’ लिहिलं की पुन्हा दौरा करावा लागतो. फाटकाला कुलूप होतं, धुराडं थंड होतं. जीपमधून मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि ‘चालू’ लिहिलं. वैशाखाच्या उन्हात पुन्हा यायचा कंटाळा, एवढंच कारण. कुणी लाच दिली असती, धमकावलं असतं, तर निदान तुला सांगायला काहीतरी असतं. मला माझी किळस येते, झुलाल.

शुक्रवारी कलेक्टर कचेरीत तुझ्या अर्जाची सुनावणी आहे. कारखान्याचा वकील माझाच अहवाल पुढे करणार. सही तुमची का, असं विचारलं की हो म्हणायचं आणि खाली बसायचं, असं साहेबांनी मला बजावलंय. मी खरं सांगायचं ठरवलंय. रोज आंघोळ करताना ती चार वाक्यं घोकतो. पण मी मला ओळखून आहे. साहेबांनी नुसतं वळून पाहिलं तरी मी बसेन. म्हणून हे लिहिलं. खाली माझी सही आहे. मी गप्प बसलो, तर तू ऊठ आणि हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. माझ्याकडे बघू नकोस, वाच.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
छगन