दाजींच्या कपाटातली पिवळी बाटली

करोल बाग, दिल्ली
रविवार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या खंडेरावाने इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय. गुडघा काय म्हणतोय? विट्याची हवा मानवली ना? आम्ही दिल्लीचा धूर खाऊन ठणठणीत आहोत.

तुझ्या पुष्करने तुमचा इथला द्वारकेचा फ्लॅट रिकामा करताना दाजींचं बाल्कनीतलं कपाट उघडलं आणि मला फोन केला, "मामा, सोनं गाळायला यातलं काय चालेल ते न्या, बाकीचं डिस्पोज करतो." (भाचा आयटीतला. त्याला वाटतं, मामा सोन्यात काहीही ओततो.) शाळेने मोडीत काढलेली प्रत्येक बाटली दाजी घरी आणायचे. देवमाणूस होते, पण लॅब असिस्टंट! मी वर्तमानपत्र पसरून निवडायला बसलो. टाकणखार कामाचा, ठेवला. नायट्रिक कामाचं, तेही ठेवलं. मोरचूद, लिटमस, कसल्याशा गुलाबी वड्या बिनकामाच्या. सोसायटीच्या सेक्रेटरीणबाईंनी येऊन विचारलं, "अंकलजी, फटेगा तो नहीं?" मी "बिल्कुल नहीं" म्हणालो आणि स्वतःच दोन पावलं मागे सरकलो.

मग सगळ्यात मागे काचेच्या बुचाची एक पिवळी बाटली निघाली. तिच्यावर दाजींच्या अक्षरात चिठ्ठी: "प्रभावतीची अंगठी. चमकवायला घेतली, चुकून अम्लराजात पडली. सांगायचं आहे."

अक्का, अम्लराज म्हणजे सोनं विरघळवणारं अॅसिड. मी चिठ्ठी पुन्हा वाचली. एकोणीस वर्षांपूर्वी गौरींच्या हळदीकुंकवाला तू कणीक मळताना ती अंगठी बेसिनवर काढून ठेवली होतीस. हात धुवायला तिकडे मीनाक्षी गेली होती, आणि दहा बायकांसमोर तू म्हणालीस की हात घरातलाच आहे. त्या दिवसापासून माझ्या बायकोने तुझा उंबरा ओलांडला नाही. दाजी तेव्हा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. अॅसिडला न घाबरणारा माणूस तुला किती घाबरत होता बघ!

बाटली दुकानात आणली. सोनं पाण्यात गेलं म्हणून कुठे जात नाही, हे आम्हा गलाईवाल्यांइतकं कुणाला ठाऊक? रीतसर खाली बसवलं, धुतलं, मुशीत गाळलं. तुझ्या पाच ग्रॅम बावीस कॅरेटच्या अंगठीतून जेवढं शुद्ध उतरायला हवं, तेवढंच उतरलं. दाजींनी एक थेंबही सांडला नव्हता. मला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

पुष्कर गौरींना विट्याला येईल, त्याच्याबरोबर सोनं पाठवतो. दाजींवर रागावू नकोस, गेलेल्या माणसाचं काय घेऊन बसायचं!

तुझा,
खंडू

ता. क. अंगठी पुन्हा घडवायची की कसं, ते तू ठरव. चिठ्ठी मात्र मी माझ्याकडे ठेवली आहे.

ता. क. २. मीनाक्षीला यातलं काहीच सांगितलेलं नाही. तू तिला फोन कर. ती "कामात आहे" म्हणेल, तरी ठेवू नकोस.

ता. क. ३. तुझा फोन आधी होऊ दे, म्हणजे मला तोंड उघडता येईल. त्या गौरींनंतर ती माहेरी गेली होती, तेव्हा मी तिची ट्रंक उघडून पाहिली होती. तिला ते अजून माहीत नाही.