दारातला एक घोट

३ ऑगस्ट, रविवार

रविकांत परत आला! म्हणजे त्याची बॅग आली, चार शर्ट आले, दाढीचं सामान आलं. सहा आठवड्यांसाठी. कोतो वॉर्डातली त्याची भाड्याची खोली तशीच राहणार आहे.

उद्या त्याची आई इथे जपानला येतेय. मार्चपासून आम्ही वेगळे राहतो हे त्यांना माहीत नाही. डिसेंबरात पुण्याला जाऊन कोर्टात अर्ज करायचा, तेव्हा सांगू. भांडण नाही, मूल नाही. सतरा वर्षांत इतक्या झटपट एकमत कधी झालं नव्हतं — आईंना आत्ता कळू द्यायचं नाही.

मघाशी विचारत होता, "टॉवेल कुठे असतात गं?" पाच महिन्यांपूर्वी होते तिथेच. दाखवले.

४ ऑगस्ट, सोमवार

आई आल्या. सोबत ती निळी बॅग! २०२० साली रविकांतच्या बाबांनी दोघांसाठी युरोपची सहल ठरवली होती. व्हिएन्नाचा राजवाडा बघायचाच, असा आईंचा हट्ट होता. सहल रद्द झाली, आणि पुढच्या वर्षी बाबाच गेले. बॅग तेव्हापासून माळ्यावर. "निघाली व्हिएन्नाला, पोचली फुनाबोरीला," आई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. चकल्या सगळ्या अख्ख्या पोचल्या आहेत.

१३ ऑगस्ट, बुधवार

आईंना कचऱ्याचा तक्ता पाठ झालाय. चित्रं बघून. जळणारा कधी, प्लास्टिक कधी, बाटल्या कधी — मला विचारावंच लागत नाही.

आज रविकांत फार कामसूपणा दाखवत जळणाऱ्या कचऱ्याची पिशवी घेऊन निघाला. आईंनी दारात अडवलं. "अरे, आज प्लास्टिक!"

"बुधवारी जळणारा असतो, आई."

"सहा वर्षं राहतोस ना रे या घरात?"

कोतोत असेल बुधवारी. आमच्या एदोगावा वॉर्डात नसतो. तो हसला, पिशवी ठेवली. मी चहा टाकला. विषय संपला, असं वाटतंय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रात्री तो हॉलमध्ये गादी टाकतो. कारण काय, तर एसी. आई म्हणाल्या, "बरोबर आहे, याला लहानपणापासून उकडतं." बरं झालं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, बाकी कुठे बोलता येणार नाही. रविकांत गेल्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण डिसेंबरनंतर आई माझ्या कोण? रोज सकाळी मी ऑफिसला निघाले की त्या बाल्कनीत येतात आणि माझी सायकल वळेपर्यंत उभ्या राहतात. त्या जाणार याचं मला वाईट वाटतं. खूप वाटतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

रविकांतला उद्या एकच दिवस सुट्टी आहे, म्हणून त्याने अकासाक्याच्या राजवाड्याचं ठरवून टाकलं. हुबेहूब युरोपसारखा आहे म्हणे. कॅलेंडर बघितलं नाही. उद्या हरितालिका! आमच्या घरी संध्याकाळच्या पूजेपर्यंत पाणीसुद्धा नाही. मी दोन वर्षं धरलेली नाही, पण आई असताना धरते म्हणाले. आईंना म्हटलं, राहू दे राजवाडा. "का म्हणून? पाय काही उपाशी नाहीत माझे."

२६ ऑगस्ट, मंगळवार

छत्तीस डिग्री. योत्सुया स्टेशनवर रविकांतने कोन्बिनीच्या दुकानातून सातूच्या चहाच्या तीन बाटल्या घेतल्या आणि प्रत्येकाच्या पिशवीत एकेक टाकली. "चक्कर आली तर." स्वभावाने वाईट नाहीच तो.

दारात तपासणी. बाटली दिसली की तिथला माणूस अदबीने सांगतो — समोर एक घोट पिऊन दाखवा. आत भलतंसलतं काही जाऊ नये म्हणून. रविकांत प्यायला, पुढे गेला. मग मी. "बाटली इथेच टाकते," एवढंच म्हणायचं होतं. जपानीत मला ते सहज येतं. पण मी झाकण उघडलं आणि प्यायले! काही विचारच आला नाही. गार होता, बरं वाटलं.

मग लक्षात आलं. मागे आई उभ्या होत्या, बघत होत्या.

"काय म्हणतोय गं तो?" त्यांनी विचारलं. सांगितलं. वर घाईघाईने म्हणाले, "तुम्ही नका पिऊ, आई, मी त्याला सांगते." त्यांनी स्वतःची बाटली काढली. झाकण निघेना, त्या माणसाकडूनच उघडून घेतलं. आणि एक घोट प्यायल्या. वयाच्या सातव्या वर्षापासून धरलेला उपास!

रविकांत पलीकडून ओरडला, "आई, अगं आज तुझा—"

"चल पुढे. मागे लोक खोळंबलेत."

आत पांढरं आणि सोनेरी, मोठमोठी झुंबरं. बाहेर छपरावर सामुराईंचे पुतळे, चिलखत घालून. आईंनी चपला कुठे काढायच्या विचारलं. काढायच्या नव्हत्या. जपानात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच! भिंतींना हात लावायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. एका दालनात आई मान वर करून बराच वेळ उभ्या होत्या. मी म्हटलं, "व्हिएन्नाचा असाच असेल." "असा कसा असेल? तो तिथला आहे," म्हणाल्या. बाहेर पटांगणात रविकांतने आम्हा दोघींचा फोटो काढला. तिघांचा काढायला आईंनी कोणाला सांगू दिलं नाही.

संध्याकाळी वाळूचं लिंग करून पूजा केली. दारातल्या त्या घोटावरून आईंना काही कळलं असेल का? भीती वाटतेय.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. एकवीस मोदक, दोन फुटले.

१४ सप्टेंबर, रविवार

आईंना नारिताला सोडलं. नमस्कार केला तर पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पाणी पीत जा भरपूर." घरी येऊन रविकांतने बॅग भरली. टॉवेल घडी करून ठेवून गेला.

३० नोव्हेंबर, रविवार

आईंचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत सुरू — "मे महिन्यात व्हिएन्ना. मी आणि तू. सहलीचा फॉर्म भरतेय. नात्याच्या रकान्यात सून लिहिणार होते, पण मेपर्यंत तुमचे कागद झाले तर पंचाईत! अगं, मला त्या कचऱ्याच्या दिवशीच कळलं होतं. तर मैत्रीण लिहिलंय. पासपोर्टचा फोटो पाठव."

पाठवला.